अण्णांच्या डब्यातले सूर आणि गिरगावातले पेटीवाले काका

अण्णा गेले त्याला चार वर्षं झाली. ते माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते आणि रोज संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत बसून माउथ ऑर्गन वाजवायचे. त्यांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा इतकी वर्षं माळ्यावर होता, तो या मे महिन्यात खाली काढला. आत होनर या जर्मन कंपनीचा सी पट्टीचा, म्हणजे सी स्वरात लावलेला, मरीन बँड नावाचा एक अख्खा माउथ ऑर्गन, बाकी सगळे सुटे भाग. सूर म्हणजे आवाज देणाऱ्या बारीक पत्त्या बसवलेल्या चार पितळी पट्ट्या, हवेची घरं कोरलेल्या दोन लाकडी फण्या, पत्र्याची पाच झाकणं, होमिओपॅथीच्या बाटलीत बारीक खिळे, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं फीलर गेजचं (बारीक फट मोजायच्या साधनाचं) एक पातळ पातं. एक बाजा, म्हणजे माउथ ऑर्गन, बिघडला की अण्णा पैसे साठवून दुसरा आणायचे, पण जुना कधी टाकायचे नाहीत. ‘जर्मन पितळ आहे, कधीतरी लागेल’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

अख्ख्या बाज्याचं चौथं भोक श्वास आत ओढला की मुकं. तो दुरुस्त व्हावा एवढीच माझी इच्छा होती. दादरच्या एका दुकानात डबा उघडून दाखवला, तर काउंटरवरच्या मुलाने भाग हातातही घेतले नाहीत. ‘भंगारात द्या मॅडम, नवीन घ्या.’ मी डबा बंद केला आणि घरी आले. त्या दिवशी खरंच वाईट वाटलं.

मग आमच्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्या ताईंनी गिरगावातल्या या काकांकडे पाठवलं. चर्नी रोडला उतरून ठाकूरद्वारच्या बाजूला चालत गेलात की एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्यांची जागा आहे. पाटी नाही. बाहेर पेट्यांचे भाते टांगलेले दिसतील, तीच खूण. काम पेट्या दुरुस्त करायचं. माउथ ऑर्गन त्यांच्याकडे क्वचितच येतो, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं आणि तिथेच माझा विश्वास बसला.

डब्यातलं त्यांनी सगळं जुन्या चादरीवर मांडलं. प्रत्येक पट्टी उजेडाकडे धरून एकेक सूर नखाने हलकेच उचलून सोडला. ‘ताई, पेटी आणि हा बाजा सख्खी भावंडं,’ म्हणाले. ‘दोन्हीकडे पितळेची पत्ती हवेने हलते. फरक एवढाच, पेटीत प्रत्येक सूर वेगळा काढता येतो आणि इथे दहा सूर एका पट्टीवर रिव्हेटने ठोकलेले.’ मरीन बँडला दहा भोकं, वीस सूर. फुंकायचे दहा वरच्या पट्टीवर आतल्या बाजूला, ओढायचे दहा खालच्या पट्टीवर बाहेरच्या बाजूला. हे मला माहीतच नव्हतं. अण्णांनी कधी उघडून दाखवला नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

पितळेवर हिरवट कळंक चढला होता. मी चिंच लावून घासणार होते म्हटल्यावर ते जवळजवळ ओरडलेच. पत्ती घासली गेली की स्वर बदलतो. टोकाकडे घासली की चढतो, मुळाशी घासली की उतरतो. त्यामुळे सुरांना चिंच नको नि पावडर नको, फक्त मऊ ब्रश, तोही पत्तीच्या लांबीच्या दिशेने. आणि लाकडी फणी पाण्यात बुडवायची नाही. ती फुगून पुढे येते आणि ओठ सोलते. अण्णांच्या खालच्या ओठाला कायम एक चीर असायची, ती कशाने हे मला त्या दिवशी कळलं.

दुरुस्ती त्यांनी अशी केली. सुट्या पट्ट्यांपैकी एक जोडी सी पट्टीचीच होती. तिची फुंकायची बाजू गेलेली, पण ओढायच्या पट्टीवरचा चौथा सूर शाबूत. त्याचा रिव्हेट बारीक ड्रिलने काढून तो सूर अण्णांच्या बाज्यावर बसवला. रिव्हेटच्या जागी घड्याळजीकडून आणलेला स्क्रू. मग पत्तीखाली ते फीलर गेजचं पातं सरकवून टोकाला कानशीचे दोन हलके हात. मी समोर स्टुलावर बसले होते. पातं उचलून त्यांनी विचारलं, ‘हे कोणाचं?’ म्हटलं, वडिलांचं, फिटर होते. म्हणाले, ‘मग ते स्वतः लावायचे सूर. उगीच नाही ठेवलंय हे डब्यात.’ मला काही बोलता आलं नाही.

दुसरी सुटी जोडी जी पट्टीची. उंच स्वरांचे सूर तुटलेले, खर्जाकडचे चांगले. ती बघून त्यांनी विचारलं, ‘तुम्ही भजनात कुठल्या पट्टीत गाता?’ पेटीच्या पट्ट्यांच्या हिशेबाने मी काळी चार, आमच्या दोघीजणी काळी पाच. त्यांचा चेहरा उजळला. जी पट्टीच्या पहिल्या भोकात फुंकलं की पांढरी पाच वाजते, ओढलं की पांढरी सहा. दोन्ही सूर टोकाला घासून अर्धा स्वर चढवले की फुंकल्यावर काळी चार, ओढल्यावर काळी पाच! सोनाराच्या बारीक करवतीने त्यांनी दोन्ही पट्ट्यांचं आणि फणीचं तेवढंच पहिलं घर कापून घेतलं, कडा गोल केल्या, झाकणाच्या पत्र्याची टोपी बसवली आणि वर गोफ ओवायला भोक पाडलं. अंगठ्याएवढी वस्तू. नवरात्रात आमच्या मंडळाची सात ठिकाणी भजनं झाली. बाहेर डीजे चालू असताना फोनवरचा तानपुरा ऐकू येत नाही, पण ही फुंकणी कानाशी धरून वाजवली की षड्ज पक्का मिळतो. घरातून निघताना टाळांच्या आधी आता ती गळ्यात जाते.

आता तक्रारी. आषाढी एकादशीनंतर दिलेलं काम पंधरा दिवसांत देतो म्हणाले, हातात आलं अनंत चतुर्दशीनंतर. गणपतीआधी सगळ्या मुंबईच्या पेट्या दुरुस्तीला निघतात हे समजू शकते, पण एक फोन करायला हवा होता. मी दोन खेपा फुकट घातल्या. बसवलेला सूर शेजारच्यांपेक्षा जरासा बारीक बोलतो, मध्यलयीत जाणवत नाही, संथ वाजवलं की जाणवतो. आणि पैसे रोखच लागतात. सूर बदलून सगळा बाजा लावून द्यायचे साडेसहाशे, फुंकणीचे अडीचशे. सोबत बसून समजावलं त्याचे वेगळे काही नाहीत.

जाणार असाल तर गणपतीच्या आधीचे दोन महिने टाळा. सुटे भाग कितीही गंजलेले असोत, सगळे न्या, आणि कोणती पट्टी कोणत्या बाज्याची ते आठवत असेल तर चिठ्ठी लावून न्या. झाकणावर उजवीकडे सी, जी असं इंग्रजी अक्षर ठोकलेलं असतं, तोच त्या बाज्याचा स्वर. झाकण आणि पट्ट्या वेगळ्या झाल्या की ओळख लावण्यात त्यांचा अर्धा दिवस जातो, माझ्या वेळी गेला.

उरलेल्या पट्ट्यांवर चौदा सूर अजून बोलतात. ते मी त्यांच्याकडेच ठेवले, दुसऱ्या कुणाच्या मुक्या बाज्याला बसले तर बसवा म्हणून सांगून. त्यांनी एका डबीवर खडूने ‘अण्णा, माटुंगा’ असं लिहून ती फळीवर ठेवली. फीलर गेजचं पातं मात्र मी परत आणलं.