फॉन्ट ओळखणारी साधनं: लोगो आणि जुन्या पाट्यांवर काही महिने वापरल्यानंतर

लोगो हातात आला की आधी त्यातली रोमन अक्षरं तपासायची, देवनागरी मागाहून. व्हॉट द फॉन्ट, व्हॉट फॉन्ट इज आणि फोटोशॉपमधलं मॅच फॉन्ट, तिन्ही काही महिने वापरल्यावर हा क्रम पक्का झाला. मॅच फॉन्ट देवनागरीसाठी नाहीच. व्हॉट द फॉन्ट मायफॉन्ट्सच्या संग्रहात शोधतं, म्हणून बऱ्याचदा फुकटच्या फॉन्टऐवजी त्याच्यासारखा विकतचा पुढे येतो. व्हॉट फॉन्ट इजमध्ये फक्त फुकटचे दाखवा असं सांगता येतं. छोट्या ग्राहकाच्या कामाला ते बरं.

निकाल फोटोवर ठरतो. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या गर्दीत पाटीखाली उभं राहून मोबाइल वर धरला की अक्षरं वरच्या बाजूला निमुळती होतात. समोरून, लांबून, झूम करून काढा. तरी तिरकं आलं तर फोटोशॉपच्या पर्स्पेक्टिव्ह क्रॉपनं सरळ करा. मग थ्रेशोल्ड लावून निव्वळ काळं-पांढरं करा. अक्षराची उंची किमान शंभर पिक्सेल ठेवा. चिकटलेली अक्षरं पांढऱ्या रेघेनं तोडा. मोठे आर, जी, क्यू आणि लहान ए, जी असले तर उत्तर लवकर सापडतं. नुसत्या आय-एलवर कुठलंही साधन अंदाजच मारतं.

हल्लीच्या दुभाषी लोगोंत दोन्ही लिप्या बहुधा एकाच फॉन्टातल्या असतात. रोमन पॉपिन्स निघाली तर देवनागरीही पॉपिन्समध्ये टाइप करून लोगोवर ठेवून बघा. बालू, मुक्ता, हिंद, टेको, राजधानी यांनाही हीच युक्ती. सगळं जुळलं आणि ल, श तेवढे वेगळे दिसले तर फॉन्ट लगेच बाद करू नका. काही फॉन्टांत पाकळीचा ल आणि देठाचा श आतच असतात, भाषा मराठी निवडल्यावरच बाहेर येतात. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय) चालू करून भाषा बदला, मग ठरवा.

फ्लेक्सवर वेगळीच गोची. जागेत बसवायला अक्षर आडवं दाबलेलं असतं. दाबल्यावर काना बारीक होतो, शिरोरेषेची जाडी तशीच राहते. संशयित फॉन्टात आणि लोगोत दोन्ही मोजा. शिरोरेषा सारखी आणि काना दहाचा आठ झालेला असेल तर रुंदी ८० टक्के केलीय. हे मोजमाप कुठलीच वेबसाइट करून देत नाही.

प्रेसमधून पीडीएफ मिळाली तर शोधाशोधच नको: डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट्सचा टॅब उघडा. नावाआधी सहा मोठी रोमन अक्षरं आणि अधिकचं चिन्ह दिसलं तर ते सोडून पुढचं वाचा. मजकूर कॉपी केल्यावर रोमन अक्षरांचा काला आला तर फॉन्ट युनिकोडपूर्व, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेला, श्रीलिपीच्या जातीचा. कोरलड्रॉमध्ये कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून पाठवलेल्या फाइलीत मात्र हा टॅब रिकामा असतो.

आता जुनी अक्षरं. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली. त्या काळच्या पोस्टरांवरची शीर्षकं बहुधा हातानं रेखाटलेली, त्यांना फॉन्टचं नावच नसतं. लक्ष्मीपुरी-शाहूपुरीतल्या रंगवलेल्या पाट्यांचंही तेच, तरी साधनं नाव देतातच, ठासून. म्हणून आधी ही चाचणी: एकाच पाटीवरचे दोन क वेगवेगळ्या लेयरवर घेऊन एकावर एक ठेवा आणि वरच्याला डिफरन्स मोड लावा. सगळं काळं झालं तर फॉन्ट, कडा उजळल्या तर ब्रश. खिळ्यांच्या छपाईतही कडा थोड्या उजळतात, पण तो शाईचा फरक; सांगाडा तोच राहतो आणि शिरोरेषेत अक्षरागणिक बारीक फट दिसते.

ब्रशचं निघालं की शोध थांबवा. ग्राहकाला नुसता ढंग हवा असेल तर यात्रा वन दाखवा, तो मुंबई लोकलच्या जुन्या रंगवलेल्या पाट्यांवरून बेतलाय. हुबेहूब हवं असेल तर पेन टूलनं गिरवा आणि बिलात फॉन्टऐवजी रेखाटन म्हणून लावा, अक्षरागणिक.