लॉर्ड पीटर विम्झी: सगळी मालिका वाचून झाल्यावरचा अनुभव

खुनी कोण, एवढ्याचसाठी डिटेक्टिव्ह कादंबरी हातात घेत असाल, तर डोरोथी एल. सेयर्सच्या वाटेला जाऊ नका. तिच्या बऱ्याच पुस्तकांत संशयाची सुई मध्यावरच एका माणसावर येऊन थांबते आणि तिथून हलतच नाही. मग उरतं काय? खून केला कसा, हे एक. आणि पकडल्यावर पुढे काय, हे दुसरं. या दुसऱ्या प्रश्नापायी मी गेले कित्येक महिने या मालिकेत अडकून आहे. काही पुस्तकं तर शेवट माहीत असूनही दुसऱ्यांदा वाचली.

मालिकेची ओळख थोडक्यात. १९२३ ते १९३७ या काळात सेयर्सबाईंनी विम्झीच्या ११ कादंबऱ्या लिहिल्या, शिवाय काही कथा. बाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजच्या. त्या विद्यापीठाने बायकांना पदव्या द्यायला १९२० साली सुरुवात केली, त्या पहिल्या तुकडीतल्या. पुढे जाहिरात कंपनीत नोकरी केली आणि आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात इटालियन कवी दान्तेचं इंग्रजी भाषांतर करत बसल्या. नायक लॉर्ड पीटर विम्झी म्हणजे डेन्व्हरच्या ड्यूकचा धाकटा भाऊ. पैशाला तोटा नाही, डोळ्यावर एकच काच, दुर्मिळ जुन्या पुस्तकांचा नाद, पियानोवर बाख वाजवायचा, पिकॅडिलीत फ्लॅट आणि दिमतीला बंटर नावाचा नोकर, जो फोटो काढण्यापासून बोटांचे ठसे घेण्यापर्यंत सगळं करतो.

पहिली शंभर पानं विम्झी डोक्यात जातो, हे आधीच सांगून टाकते. अखंड बडबड, दर तिसऱ्या वाक्याला कुठलं तरी अवतरण, शब्दांची टोकं खाऊन बोलायची उमरावी लकब. 'कसलं हे श्रीमंती थेर' म्हणून पुस्तक मिटणारे वाचक मला पुष्कळ भेटलेत आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. इंग्लंडमध्येही त्या काळी क्यू. डी. लीव्हिससारख्या समीक्षिकेने सेयर्सला चांगलंच झोडपलं होतं. विद्वत्तेचा नुसता आव आहे, हा तिचा आक्षेप.

पण 'हूज बॉडी?' या पहिल्याच पुस्तकात एक प्रसंग आहे, तिथे मी थबकले. बॅटरसीमधल्या एका बाथटबमध्ये अनोळखी माणसाचं नग्न प्रेत सापडतं, नाकावर फक्त सोनेरी चष्मा. इथपर्यंत सगळा गमतीचा मामला. मग एका रात्री विम्झीला खुनी कोण ते उमगतं. इतर कुठलाही डिटेक्टिव्ह इथे मिशीला पीळ देईल. हा थरथरत बंटरला उठवतो. त्याला खालून टकटक ऐकू येतेय. शत्रू आपल्या खंदकाखाली सुरुंग खणतोय, तोफांच्या आवाजात नीट कळत नाही, कुणीतरी त्या तोफा थांबवा, असं तो बरळत असतो. पहिलं महायुद्ध संपून चार-पाच वर्षं झालेली असतात. बंटर म्हणत नाही, की साहेब, तुम्हाला भास होतोय. तो म्हणतो, मलाही ऐकू येतंय, आपलेच लोक खणतायत, काळजी नको मेजर. आणि त्याला झोपवतो. बंटर युद्धात विम्झीच्याच हाताखाली सार्जंट होता, हे कळलं की त्या 'मेजर'चं वजन समजतं. ती सगळी बडबड कशाला झाकायला आहे, तेही.

तेव्हाच्या इंग्लंडात खुनाला फाशी होती, ती १९६० च्या दशकापर्यंत होती. म्हणजे खुनी सापडला की विम्झी कुणाला तरी वधस्तंभाकडे धाडत असतो. बाकीचे लेखक पडदा पाडून मोकळे होतात. सेयर्सबाई तसं करत नाहीत. 'बसमन्स हनिमून' या शेवटच्या कादंबरीत रहस्य उलगडल्यानंतरही बरीच पानं शिल्लक राहतात. त्यांत खटला, वकील आणि फाशीच्या पहाटेपर्यंतची रात्र आहे. ती पानं कंटाळवाणी आहेत असं एका मैत्रिणीचं ठाम मत. माझ्या मते सबंध मालिका त्या पानांसाठी लिहिली आहे. पहिल्या पुस्तकातली ती रात्र आणि ही रात्र यांच्यामधली चौदा वर्षं लक्षात ठेवून वाचा, मग बोलू.

आता एकेक पुस्तक घेते, पण सगळी सारख्या मापाने नाही.

'द फाइव्ह रेड हेरिंग्ज' (१९३१) मला अजिबात झेपलं नाही. स्कॉटलंडमधला गॅलोवे भाग, चित्रकारांची वस्ती, त्यातल्या एका भांडकुदळ चित्रकाराचा मृत्यू आणि सहा संशयित चित्रकार. पाचजण हुलकावणीचे, एक खरा. मग सुरू होतात रेल्वेची वेळापत्रकं, सायकली, तिकिटं, कुठल्या स्टेशनवर कुठली गाडी किती वाजता. वर पात्रं अस्सल स्कॉटिश बोलीत बोलतात. मी अक्षरशः ढकलत संपवलं. पण रेल्वेत उभी हयात घालवलेल्या आमच्या एका काकांनी तेच पुस्तक कागद-पेन्सिल घेऊन, गाड्यांचा तक्ता आखून वाचलं आणि वर मलाच सुनावलं, "तू ढकलत वाचलंस ते चुकलंस, यातली एकेक गाडी जुळते बघ." या पुस्तकात एक खोडीही आहे. विम्झी प्रेताजवळ एक वस्तू शोधायला सांगतो, ती कोणती हे लेखिका मुद्दाम गाळते आणि चाणाक्ष वाचकाने ओळखावी असं तिथेच सांगून टाकते. काकांनी ओळखली. मी नाही.

'द नाइन टेलर्स' (१९३४) यावर वाचकांचे सरळ दोन तट आहेत. एडमंड विल्सन या अमेरिकन समीक्षकाने १९४५ मध्ये हे आपण वाचलेल्या सर्वांत कंटाळवाण्या पुस्तकांपैकी एक असल्याचं लिहिलं होतं. मी दुसऱ्या तटात आहे. ईस्ट अँग्लियातला पाणथळ सपाट प्रदेश, थर्टीफर्स्टची रात्र, बर्फात विम्झीची गाडी रस्ता सोडून खड्ड्यात जाते आणि तो फेनचर्च सेंट पॉल नावाच्या गावात अडकतो. चर्चमध्ये त्या रात्री आठ घंटा नऊ तास वाजवायचा बेत असतो आणि नेमका एक वाजवणारा तापाने आडवा. विम्झी त्याच्या जागी उभा राहतो.

विल्सनसाहेबांना कंटाळा आला तो या घंटांचा. इंग्लंडमध्ये चर्चच्या घंटांवर सूर वाजवत नाहीत, क्रम वाजवतात. प्रत्येक घंटेला एक दोर आणि एक माणूस. आठही घंटा एकेकदा वाजल्या की एक फेरी झाली. पुढच्या फेरीत क्रम बदलायचा, पण कुठलीही घंटा आपल्या जागेपासून एका जागेहून जास्त सरकायची नाही, कारण एवढ्या अवजड घंटेचा वेग दोराने फार कमी-जास्त करता येत नाही. आणि एकदा येऊन गेलेला क्रम पुन्हा यायचा नाही. आठ घंटांचे एकूण क्रम होतात ४०,३२०. कादंबरीत वाजवतात १५,८४०. मी हिशेब करून पाहिला: नऊ तासांत एवढे म्हणजे मिनिटाला सुमारे २९ फेऱ्या, आठ घंटांचे मिळून दोनशे तीसच्या वर टोले, आणि समोर लिहिलेला कागद नाही, सगळं पाठ. हे लक्षात आलं की ती पानं सरपटत नाहीत, अंगावर येतात. शिवाय घंटांना नावं आहेत, बॅटी थॉमस, टेलर पॉल, आणि गावकरी त्यांच्याबद्दल घरातल्या खाष्ट म्हाताऱ्यांसारखं बोलतात. खून कसा झाला ते मी सांगणार नाही. ते शास्त्रीयदृष्ट्या कितपत शक्य, यावर वाद घालायला जागा आहे. पण कळल्यावर मी पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसले होते.

ज्यांनी कुठल्याही ऑफिसात नोकरी केलीय त्यांनी 'मर्डर मस्ट ॲडव्हर्टाइज' (१९३३) घ्यावं. लंडनच्या जाहिरात कंपनीत एक कॉपीरायटर लोखंडी गोल जिन्यावरून पडून मरतो आणि विम्झी खोट्या नावाने त्याच्या जागी नोकरीला लागतो. सेयर्सबाईंनी बेन्सन्स कंपनीत हेच काम जवळजवळ नऊ वर्षं केलं होतं, ते पानोपानी दिसतं. चहाच्या वेळची कुजबुज, कोण कुणाच्या डेस्कवर चोरून बसतं, मार्जरीनला लोण्यापेक्षा सरस ठरवायची कसरत. नसांच्या टॉनिकच्या जाहिरातीचा मथळा द्व्यर्थी निघतो म्हणून वर्तमानपत्राचा माणूस ऐन वेळी रात्री फोन करून अडवतो आणि मग सगळ्यांची पळापळ, हे प्रकरण मी जाहिरातीत काम करणाऱ्या भाच्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मावशी, हे मागच्या आठवड्यात आमच्याकडे झालं." अमली पदार्थांच्या टोळीचा धागा मात्र फिल्मी आहे, तो पानं उलटत वाचला तरी चालेल.

आणि मग हॅरिएट व्हेन. भांडणं लागतात ती हिच्यावरून. 'स्ट्राँग पॉयझन' (१९३०) सुरू होतं तेच कोर्टात. हॅरिएट स्वतः रहस्यकथा लिहिणारी, आणि आपल्या प्रियकराला आर्सेनिक घालून मारल्याचा तिच्यावर आरोप. तिचा प्रियकर म्हणायचा, लग्नावर माझा विश्वास नाही. त्याच्यासाठी तिने स्वतःची तत्त्वं बाजूला ठेवून लग्नाशिवाय संसार मांडला. वर्षभराने तो म्हणतो, तू परीक्षेत पास झालीस, आता करू लग्न. ती तिथल्या तिथे त्याला सोडून निघून जाते. १९३० सालचं आहे हे! मला त्या जागी टाळी वाजवावीशी वाटली. आमच्या वाचनगटातल्या एका काकूंना मात्र तो तिचा हेका वाटला, "विचारत होता ना शेवटी?" त्यावरून आमची जी जुंपली, ती चहा गार होईपर्यंत.

विम्झी तिला पहिल्या भेटीत, तुरुंगातच, मागणी घालतो. ती नाही म्हणते आणि पुढे पाच वर्षं नाहीच म्हणते. ज्याने फाशीपासून वाचवलं त्याच्याशी उपकारापोटी लग्न करायचं नाही, हे तिचं साधं म्हणणं. 'गॉडी नाइट' (१९३५) ही जाडजूड कादंबरी या 'नाही'भोवती फिरते. ऑक्सफर्डचं काल्पनिक महिला कॉलेज, निनावी घाणेरडी पत्रं, फाडलेली हस्तलिखितं, आणि खून एकही नाही. प्राध्यापिका रात्र-रात्र वाद घालतात तो एकाच गोष्टीवर: घराचं पोट भरणारी नवऱ्याची नोकरी वाचवायची की खरं बोलायचं. पीएचडी करणाऱ्या, घर आणि काम यांत ओढाताण होणाऱ्या बायकांना हे पुस्तक आवडेलच असं नाही, पण ते त्यांना सोडणार नाही. लॅटिन वगैरे मध्येच येतं, अर्थ कुणी सांगत नाही. मी अडून बसले नाही.

खटकलेल्या गोष्टी सांगितल्याशिवाय अनुभव पुरा होणार नाही. ज्यूंबद्दल, काळ्या माणसांबद्दल यातली पात्रं जे बोलतात ते आज वाचताना घशात अडकतं. 'अननॅचरल डेथ'मधला वेस्ट इंडीजचा पाद्री सज्जन रंगवला आहे आणि हूज बॉडीमधल्या ज्यू सावकाराची बाजूही पुढे कळते, हे खरं. पण काळ तसा होता म्हणून सगळं खपवून घ्यायची माझी तयारी नाही. नोकर-चाकर, खेडूत यांचं बोलणं तर कित्येकदा विनोदापुरतंच. याउलट मिस क्लिम्पसन! विम्झी एका वयस्क अविवाहित बाईला पगारी हेर म्हणून नेमतो, पुढे अशा बायकांचं एक ऑफिसच काढतो. चारचौघांत नाक खुपसणं ही त्यांची खोड समजली जाते ना, मग त्याचेच पैसे मिळू देत, असा हिशेब. तिची अधोरेखितांनी भरलेली पत्रं मी मोठ्याने वाचते.

वाचायचं कसं, तर क्रमाने नको. सुरुवात 'द अनप्लेझंटनेस ॲट द बेलोना क्लब'पासून करा (१९२८). युद्धविरामाचा स्मरणदिन, निवृत्त सैनिकांचा क्लब, आणि शेकोटीजवळच्या खुर्चीत नव्वदीचा जनरल मरून पडलेला. कधी मेला, यावर वारसाहक्क अवलंबून. छोटं आहे, विम्झीची बडबड आटोक्यात आहे आणि युद्धाने मोडलेली माणसं त्यात सगळीकडे आहेत. मग स्ट्राँग पॉयझन, 'हॅव हिज कारकस', मर्डर मस्ट ॲडव्हर्टाइज, नाइन टेलर्स, गॉडी नाइट, बसमन्स हनिमून. हॅरिएटची चार पुस्तकं मात्र याच क्रमाने, उलटसुलट केलीत तर मजा जाईल. मालिकेतली पहिली तीन पुस्तकं विम्झीची सवय झाल्यावर.

खर्च जवळजवळ नाही. सेयर्स १९५७ मध्ये गेल्या, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे २०१८ पासून ही पुस्तकं भारतात हक्कमुक्त आहेत. स्वस्त ई-आवृत्त्या घेताना तेवढं चाळून बघा. मी घेतलेल्या एका आवृत्तीत हॅव हिज कारकसमधल्या सांकेतिक लिपीचे तक्ते असे विस्कटले होते की काही बोध होईना, आणि त्या पुस्तकात तक्त्यांशिवाय एक अख्खं प्रकरण वाया जातं. त्या एका पुस्तकासाठी जुनी छापील प्रत शोधा. बीबीसीच्या मालिका दोन: १९७० च्या दशकातली इयन कारमायकलची आणि १९८७ ची एडवर्ड पेदरब्रिजची. दुसरीत हॅरिएट वॉल्टरने केलेली हॅरिएट बघण्यासारखी आहे, गॉडी नाइटची मात्र त्यांनी फार काटछाट केलीय.

सेयर्सनी अर्धवट सोडलेली एक कादंबरी जिल पेटन वॉल्शने पूर्ण करून १९९८ मध्ये छापली, पुढेही काही लिहिल्या. पहिली वाचली. नीटनेटकी आहे, कुठे अडत नाही. पण विम्झी त्यात फारच शहाण्यासारखा बोलतो. बाकीच्या विकत घेणार नाही, लायब्ररीत मिळाल्या तर बघीन.