सर्जन रेनॉल्ड्सची मेडलं आणि गंजगोलाईतला फ्रेमवाला

लातूरच्या गंजगोलाईत, सोळा रस्त्यांपैकी एका रस्त्यावर देवादिकांच्या फोटोंना फ्रेमा करणारं छोटंसं दुकान आहे. मागच्या महिन्यात तिथं मेडलांची फ्रेम करून घेतली. काम मनापासून आवडलं, म्हणून लिहितोय.

मी आर्मी मेडिकल कोअरमधून नर्सिंग असिस्टंट म्हणून रिटायर झालो. पुतणीला अंबाजोगाईच्या स्वारातीत, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेजात, एमबीबीएसला प्रवेश मिळाला. तिला देण्यासाठी सर्जन जेम्स हेन्री रेनॉल्ड्सच्या दोन मेडलांच्या प्रतिकृती मागवल्या होत्या. हा माणूस 1868 ला ब्रिटिश फौजेच्या वैद्यकीय खात्यात आला. हिंदुस्थानात त्याच्या पलटणीत कॉलरा पसरला, तेव्हाच्या सेवेबद्दल त्याचं कौतुक झालं. पुढं 22 जानेवारी 1879 ला दक्षिण आफ्रिकेत रोर्क्स ड्रिफ्टच्या ठाण्यावर ब्रिटिशांची दीडशेच्या आसपास माणसं आणि समोर तीन-चार हजार झुलू योद्धे. रात्रभर गोळीबारात तो जखमींना पट्ट्या बांधत होता. दवाखाना लढवणाऱ्यांची काडतुसं संपत आली, तेव्हा कुणी न सांगता कोठारातून काडतुसं घेऊन दोन्हीकडच्या गोळ्यांतून गेला आणि परत आला. त्या लढाईत 11 व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश फौजेतलं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाले, त्यातला एक याचा. दवाखान्यात उभी हयात गेलेल्या माझ्यासारख्याला ते काडतुसं नेणं जितकं भिडतं, तितकंच त्याचं जखमींकडं परत वळणं भिडतं.

फ्रेमवाल्याला एवढं सगळं सांगितलं. त्यानं बीडिंगचे नमुने बाजूला सारले आणि आधी पट्टी घेऊन रिबनी मोजल्या. क्रॉसची किरमिजी रिबन 38 मिलिमीटर, दुसऱ्या, दक्षिण आफ्रिकेतल्या लढायांच्या मेडलची, नारिंगी-पिवळ्यावर निळ्या पट्ट्यांची, 32. म्हणाला, "काका, एकाच मापाच्या खाचा केल्या तर बारकी रिबन वाकडी दिसंल." दोन वेगळ्या खाचा कापल्या. क्रॉस ब्राँझचा, दुसरं मेडल चांदीच्या रंगाचं. त्यावर सनाची आडवी पट्टी आणि मागं झुडपाजवळ वाकलेला सिंह. तो सिंह झाकला जाणार म्हणून मी हळहळलो, तर म्हणाला, "मग मागून बी काच लावू की." हार्डबोर्डला गोल खिडक्या पाडून तसंच केलं. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मागच्या वर्तुळात पराक्रमाची तारीख कोरायची पद्धत आहे, तीही आता वाचता येते.

फेविकॉल अजिबात लावू नका, एवढीच माझी अट होती. रिबनी त्यांच्या मंडळींनी शिवल्या. त्या एरवी साड्यांना फॉल-पिको करतात. रिबनीच्या रंगाचाच दोरा, टाके सारख्या अंतरावर, कुठं कापड आवळलेलं नाही. मी आयुष्यभर टाके बघितलेत. असा हात ऑपरेशन थिएटरमध्येही रोज बघायला मिळत नाही.

आता उणं. खालच्या पितळी पट्टीवर सन 1879 च्या जागी 1897 पडला होता. दाखवल्यावर वाद न घालता नवीन पट्टी करून दिली, पण त्यात चार दिवस गेले आणि पुतणी हॉस्टेलला गेल्यावर मला फ्रेम घेऊन वेगळं अंबाजोगाईला जावं लागलं. काचही साधी आहे. ट्यूबलाइटखाली ब्राँझवर चकाकी येते आणि 'फॉर व्हेलर' ही अक्षरं तिरकं होऊन वाचावी लागतात.

दोन्ही बाजूंच्या काचेसह 1,450 रुपये झाले. सागवानी पट्टी घेतली, ती घ्याच. हलक्या लाकडाला दोन काचांचं वजन पेलत नाही. कुणी वडलांची, आजोबांची फौजेतली मेडलं नेणार असाल तर नाव, नंबर आणि सन कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, आणि पट्टी कोरल्यावर दुकानातच वाचून घ्या.