तिकिटासोबत सॅफचे पैसे भरावेत का? स्किपॉलच्या शेजारून एक रिव्ह्यू

विमानाचं तिकीट काढताना सीट, बॅग, इन्शुरन्स सगळं झालं की पेमेंटच्या आधी एक हिरवं पान काढलेला चौकोन येतो बघा, "तुमच्या प्रवासाचा कार्बन कमी करा" वगैरे, आज त्याचाच रिव्ह्यू करतेय, कारण आमच्या अ‍ॅमस्टलवीनच्या (अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपॉल विमानतळाला लागून आहे ते) मराठी मंडळींत दर सुट्टीच्या आधी कोणीतरी विचारतंच की हे घ्यायचं का, की नुसतं पैसे उकळणं आहे. युरोपातल्या बऱ्याच एअरलाइन्स हे विकतात. त्यातून येणाऱ्या पैशात म्हणे सस्टेनेबल एव्हिएशन फ्युएल घेतलं जातं, म्हणजे खनिज तेलाऐवजी वापरलेलं तेल, चरबी वगैरेपासून केलेलं विमानाचं इंधन, सगळे सॅफच म्हणतात.

मी घेतलं ते मधे एक थांबा असलेल्या मुंबई फ्लाइटवर, एअरलाइनचं नाव घेत नाही. एक स्लायडर असतो, तो जितका उजवीकडे सरकवाल तितके युरो वाढतात आणि शेजारचं झाड मोठं होतं (खरंच झाड मोठं होतं, कोणीतरी बसून हे डिझाइन केलंय). मी पंचवीस युरोवर थांबले. मग ईमेलवर एक पीडीएफ आली, गुळगुळीत, वर पान, खाली आकाश, आणि मजकूर असा की आपण ८० टक्क्यांपर्यंत कार्बन कमी करणाऱ्या इंधनाला हातभार लावलात. बास. किती किलो इंधन घेतलं, कशापासून बनलेलं, कुठल्या एअरपोर्टवर भरलं, कधी भरलं, काही म्हणजे काही नाही. कस्टमर केअरला विचारलं तर उत्तरात आधी माझे आभार मानले आणि मग त्याच पेजची लिंक दिली जिथून मी निघाले होते. किराणा दुकानदार पण पावतीवर वजन लिहितो हो.

म्हणून हिशोब मीच केला. अ‍ॅमस्टरडॅम-मुंबई साधारण सात हजार किलोमीटर, इकॉनॉमीत माणशी दोनशे लिटरच्या आसपास इंधन धरा, म्हणजे एकशे साठेक किलो. एक किलो जेट फ्युएल जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे एका बाजूचा पाचशे किलो झाला. आता भाव. युरोपची विमान सुरक्षा संस्था दरवर्षी भाव काढते, २०२४ चा त्यांचा सरासरी आकडा साध्या जेट फ्युएलला टनाला ७३४ युरो आणि जैविक सॅफला २,०८५ युरो. फरक किलोला एक युरो पस्तीस सेंट. पूर्ण एकशे साठ किलो बदलायचं तर दोनशे सोळा युरो नुसते वरचे लागतील, माझ्या पंचवीस युरोत अठरा किलो येतं, ते पण एअरलाइनने मधे काही कापलं नाही असं समजून. म्हणजे एका बाजूच्या इंधनातलं साधारण अकरा टक्के. वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण तो मोठा झालेला वृक्ष बघून कोणाला अकरा टक्के वाटेल?

आणि ते ८० टक्के म्हणजे काय हे पण सांगते, कारण यात भलेभले गोंधळतात. सॅफ जाळलं तरी इंजिनाच्या मागून तेवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, फरक इतकाच की तो जमिनीखालून उपसलेला नसतो, झाडाने आधी हवेतूनच घेतलेला असतो, मग तेलात आला, तेलात कोणीतरी तळलं, आणि ते टाकाऊ तेल रिफायनरीत गेलं. शेतापासून विमानापर्यंत सगळी बेरीज-वजाबाकी केली की चांगल्या सॅफमध्ये ८० टक्क्यांपर्यंत बचत दिसते. "पर्यंत" हा शब्द जाहिरातीत नेहमी बारीक अक्षरात. आज बाजारात आहे ते बहुतेक सगळं वापरलेलं तेल आणि जनावरांची चरबी यातून, इथे रॉटरडॅमला नेस्टे या इंधन कंपनीची रिफायनरी आहेच. चरबीचं आईला सांगितलेलं नाही, ती डिसेंबरात याच विमानाने येणार आहे.

वापरलेल्या तेलाचं इथे छान आहे. सुपरमार्केटच्या बाहेर पिवळे डबे असतात, त्यात गार झालेलं तेल झाकण लावून बाटलीसकट टाकायचं. दिवाळीत चकल्या, शंकरपाळ्या, अनारसे तळून झाले की आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या देशी घरांतून बाटल्या तिकडे जातात, तळाशी चकलीचा चुरा बसलेला असतो, तरी घेतात. पण जग तळून तळून किती तळणार? आयाटा या एअरलाइन्सच्या जागतिक संघटनेच्या आकड्यानुसार २०२४ मध्ये जगात सॅफ बनलं दहा लाख टन, ते एकूण जेट इंधनाच्या ०.३ टक्के. दर्यामें खसखस. मागणी एवढी आणि माल एवढासा झाला की मग ताजं पामतेल "वापरलेलं" म्हणून खपवल्याचे संशय येणारच, आशियातून युरोपात येणाऱ्या तेलाबद्दल ही ओरड चालूच असते.

आपल्याकडे काय चाललंय तेही बघितलं. १९ मे २०२३ ला एअरएशिया इंडियाचं विमान पुण्याहून दिल्लीला देशी सॅफ मिसळून गेलं, ते इंधन पुण्याच्या प्राज कंपनीने इंडियन ऑइलबरोबर केलेलं, मिश्रण एक टक्क्याच्या आसपासचंच होतं पण देशी सॅफवरच्या व्यावसायिक प्रवासी उड्डाणाची सुरुवात पुण्यातून झाली म्हणून कॉलर ताठ करायला हरकत नाही. सरकारचं टार्गेट आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २, २०३० ला ५. इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला २०२५ मध्ये वापरलेल्या तेलापासून सॅफ करायचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट पण मिळालं. तेल गोळा करायचं म्हणाल तर एफएसएसएआय या आपल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ पासूनच नियम केलाय की तेलात पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणारे घटक) २५ टक्क्यांवर गेले की ते तळायला वापरायचं नाही, पण स्टेशनबाहेरच्या वडापावच्या कढईत कोण मीटर घालून बघणार, तिथे तेल संपतं ते वड्यातच, विमानापर्यंत पोचायला उरतं कुठे. दुसरा रस्ता उसाचा, मळीपासून इथेनॉल आणि इथेनॉलपासून जेट. कारखान्यांना हवंच आहे. पण मराठवाड्यात टँकरवर दिवस काढणाऱ्या गावाला विचारा अजून ऊस लावायचा का. युरोपच्या नियमात तर अन्नपिकांपासूनचं सॅफ धरतच नाहीत.

आता माझा खरा मुद्दा. मी राहते तिथे बाउटेनफेल्डर्टबान नावाची धावपट्टी चालू असली की विमानं डोक्यावरून उतरतात, चाकं मोजता येतात इतकी खाली. बाल्कनीतल्या कठड्यावर काळसर पूड बसते (ती सगळी विमानाची असं मी म्हणत नाही, हायवे पण जवळ आहे) आणि वारा तिकडचा असला की रॉकेलचा वास येतो. इथल्या आरआयव्हीएम या सरकारी आरोग्य संस्थेने स्किपॉलभोवतीच्या अतिसूक्ष्म कणांचा अभ्यास केला, २०१९ च्या अहवालात होतं की कण जास्त असलेल्या दिवशी शाळकरी मुलांना श्वासाचा त्रास जास्त, आणि मोठ्यांमध्ये फुप्फुस आणि हृदयाच्या कामावर थोड्या वेळापुरता परिणाम दिसतो. लॉस एंजेलिसला तर २०१४ मध्ये मोजलं होतं, वाऱ्याच्या दिशेने दहा किलोमीटरवर कणांची संख्या चौपट. म्हणजे एअरपोर्टच्या भिंतीला लागून राहणाऱ्यांपुरतं हे नाही, कुर्ला, जरीमरी, साकीनाक्याच्या लोकांनी पण ऐकून ठेवावं.

इथे सॅफ कामाचं आहे, मनापासून सांगते. साध्या जेट फ्युएलमध्ये अ‍ॅरोमॅटिक्स नावाचे घटक असतात, त्यांचीच काजळी जास्त होते, शिवाय गंधक असतं. सॅफमध्ये दोन्ही जवळपास नसतात. जर्मनीची अवकाश संस्था डीएलआर आणि नासाने आकाशात विमानाच्या मागे विमान उडवून मोजलं, निम्म्याच्या आसपास सॅफ असलेल्या इंधनावर काजळी आणि विमानामागच्या पांढऱ्या रेघांतले बर्फाचे कण ५० ते ७० टक्क्यांनी कमी. या रेघा दिसायला गोड पण रात्री त्याच पांघरूण होऊन उष्णता अडवतात, म्हणून काही शास्त्रज्ञ म्हणतात की थोडंसंच सॅफ आहे तर ते सगळ्या विमानांत शिंपडू नका, ज्या फ्लाइट्सच्या रेघा जास्त तापवतात त्यांनाच भरा. मला पटतं. पण आज होतं ते उलटं. डेअरीत सगळ्या म्हशींचं दूध एका टाकीत जातं तसं एअरपोर्टच्या टाकीत सगळं मिसळतं, युरोपात २०२५ पासून २ टक्के सक्तीचं आहे, त्या २ टक्क्यांनी माझ्या कठड्यावर काय फरक पडणार? आणि माझ्या पंचवीस युरोचं सॅफ तर बहुतेक त्या एअरलाइनच्या स्वतःच्या हबवर, म्हणजे मुख्य एअरपोर्टवर, दुसऱ्याच देशात भरलं गेलं असणार. कागदावर नोंद माझ्या नावाची, स्वच्छ हवा तिकडच्यांची. आवाजाचं तर सोडाच, इंधन कुठलंही घाला, पहाटेचं विमान तेवढंच गरजतं. आवाज कमी झाला तर तो उड्डाणं कमी केल्यानेच होईल, डच सरकारने वर्षाला ४,७८,००० ची मर्यादा घातली त्यावर इतकी वर्षं भांडण झालं ते उगाच नाही.

अजून एक मेख आहे. २ टक्के तर इंधन कंपन्यांना कायद्यानेच घालावे लागतात, मग माझ्या पैशाचं सॅफ त्या २ टक्क्यांच्या वर जातं का त्यातच धरलं जातं? त्यातच धरलं तर मी हवामानाला काही दिलं नाही, इंधन कंपनीचं बिल भरलं. हे त्या हिरव्या चौकोनात कुठेच लिहिलेलं नसतं. कोर्टालाही असल्या जाहिराती खटकल्यात, २० मार्च २०२४ ला अ‍ॅमस्टरडॅम कोर्टाने केएलएम या डच एअरलाइनच्या जुन्या बऱ्याच पर्यावरण-जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या, सॅफबद्दलचे दावे पण त्यात होते. त्याच वर्षी ३० एप्रिलला युरोपियन कमिशनने वीस एअरलाइन्सना पत्र पाठवलं, विषय हाच.

तर रेटिंग. इंधन म्हणून सॅफला चार स्टार, एक कापला तो माल मिळत नाही म्हणून. तिकिटासोबत विकतात त्या सेवेला दोन, आणि त्यातला एक पीडीएफ वेळेत आली म्हणून. घ्यायचंच असेल तर आधी ईमेल करून चार गोष्टी विचारा, किलो किती, कशापासून, कुठल्या एअरपोर्टवर, आणि सक्तीच्या टक्क्यांच्या वर आहे का. लेखी उत्तर आलं तर भरा. नाही आलं तर तेच पैसे वाचवून थेट फ्लाइट घ्या, एक टेकऑफ कमी झाला तर सरळ इंधन वाचतं आणि कोणाच्या तरी डोक्यावरून एक विमान कमी जातं. कंपनीच्या पैशाने फिरणाऱ्यांनी मात्र हा प्रश्न आपल्या ट्रॅव्हल डेस्कला टाकावा, त्यांचे करार टनात असतात, तिथे किलो लपवता येत नाहीत.