चालत्या लोडवर क्यूचं सेटिंग बदललं आणि कर्नल पडला: केडम्प, कासान की ट्रेसिंग?

लिनक्स मशीनच्या डिस्कवर पूर्ण लोड आहे, तुम्ही शेड्युलर, म्हणजे डिस्कच्या कामांचा क्रम लावणारा भाग, 'एमक्यू-डेडलाइन'वरून 'नन'वर आणला किंवा क्यूमधल्या, म्हणजे डिस्कच्या रांगेतल्या, रिक्वेस्टची मर्यादा २५६ वरून ६४ वर उतरवली, आणि मशीन गेलं. एकदा झालं तर माणूस रीबूट करून पुढे जातो. दुसऱ्यांदा झालं की शोध घ्यावाच लागतो. तो घ्यायचे तीन मार्ग आहेत: केडम्पने मेमरीची प्रत काढून वाचणं, कासान, म्हणजे कर्नलचा (सिस्टिमच्या गाभ्याचा) मेमरीतल्या चुका पकडणारा अॅड्रेस सॅनिटायझर, चालू ठेवून बांधलेल्या कर्नलवर तोच प्रकार पुन्हा घडवणं, किंवा एफट्रेस, बीपीएफट्रेस ही ट्रेसिंगची, म्हणजे कर्नलमधल्या घटना नोंदवणारी, साधनं वापरून चालत्या मशीनवर नजर ठेवणं.

निवडण्याआधी एकच गोष्ट नक्की करा: मशीन पडतंय की गोठतंय? सेटिंग बदलताना ब्लॉक लेयर, म्हणजे कर्नलचा डिस्क सांभाळणारा थर, आधी क्यू 'फ्रीझ' करतो, म्हणजे नव्या रिक्वेस्ट बाहेर थांबवतो आणि आतल्या संपेपर्यंत वाट बघतो. शेड्युलर बदलायचा असेल तर मग जुन्या शेड्युलरचे टॅग, म्हणजे रिक्वेस्टना दिलेले क्रमांक, आणि त्यांच्या रिक्वेस्टची मेमरी सोडून देतो. टॅगच्या टेबलावरून फिरणाऱ्या एखाद्या कोडने, समजा टाइमआउट तपासणाऱ्या, जुना पॉइंटर धरून ठेवला असेल तर तो सोडलेल्या मेमरीत हात घालतो आणि मशीन पडतं. गोठण्याचं कारण निराळं. फ्रीझ चालू असतानाच कोणीतरी मेमरी मागितली, मेमरी कमी म्हणून कर्नल पानं डिस्कवर लिहायला गेला, आणि डिस्क नेमकी तीच. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. म्हणूनच हे दुखणं रिकाम्या मशीनवर सहसा दिसत नाही.

प्रत्यक्ष कामाच्या सर्व्हरवर मी डोळे झाकून केडम्पच लावतो. बूट होताना थोडी मेमरी राखून ठेवावी लागते, बाकी रोजच्या वेगावर त्याचा भार नाही. कर्नल पॅनिक झाला, म्हणजे न सावरणाऱ्या चुकीमुळे थांबला, की राखीव जागेतला दुसरा कर्नल उठतो आणि पहिल्याची मेमरी फाइलमध्ये उतरवतो. 'क्रॅश' किंवा 'ड्रॅगन' (drgn) या डम्प वाचणाऱ्या साधनाने ती उघडली की प्रत्येक सीपीयूवर त्या क्षणी काय चालू होतं ते दिसतं. रिक्वेस्ट क्यूच्या स्ट्रक्चरमध्ये फ्रीझची खोली किती, शेड्युलरचा पॉइंटर कुठे, सगळं वाचता येतं. त्यासाठी अगदी त्याच बिल्डची डीबग माहिती हवी. एका पॅच व्हर्जनचाही फरक चालत नाही.

दोन ठिकाणी लोक फसतात. डम्प त्याच कंट्रोलरवरच्या डिस्कवर लिहायला ठेवलेला असतो, आणि गोंधळलेला कंट्रोलर दुसऱ्या कर्नललाही दाद देत नाही. तो एसएसएच किंवा एनएफएसवरून दुसऱ्या मशीनवर पाठवा. दुसरं म्हणजे गोठलेलं मशीन आपणहून पॅनिक होत नाही. अडकलेल्या टास्कची नोंद १२० सेकंदांनी लॉगमध्ये येते आणि तेवढंच. 'हंग टास्क पॅनिक' १ वर ठेवलेलं असेल तरच डम्प आपोआप मिळतो.

केडम्पची खरी मर्यादा वेगळी आहे. त्यात एकच क्षण असतो. मेमरी कोणी सोडली ते बहुतेक वेळा कळत नाही, फक्त तिला शेवटी कोणी हात लावला ते कळतं. बॅकट्रेसमध्ये, म्हणजे एकातून एक बोलावलेल्या फंक्शनांच्या यादीत, सगळ्यात वर ड्रायव्हरचं कम्प्लीशन फंक्शन दिसतं आणि ड्रायव्हरवर बग नोंदवला जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

इथे कासानला तोड नाही. मेमरीचा आठवा भाग तो स्वतःच्या नोंदींसाठी घेतो आणि वेगही बराच पाडतो, त्यामुळे तो प्रयोगाच्या मशीनवरच. पण चूक घडते त्याच ठिकाणी तो ओरडतो. एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा, मला तो समजायला फार उशीर लागला. टॅगसोबतच्या रिक्वेस्टची मेमरी स्लॅबमधून, म्हणजे लहान तुकडे देणाऱ्या व्यवस्थेतून, येत नाही, पूर्ण पानं देणाऱ्या पेज अॅलोकेटरकडून थेट येते. त्यामुळे मेमरी कुठे घेतली नि कुठे सोडली याचे स्टॅक हवे असतील तर बूट पर्यायांत 'पेज ओनर' चालू करावा लागतो. स्लॅब पॉयझनिंगचा, म्हणजे सोडलेल्या स्लॅब मेमरीत मुद्दाम भरलेला, तो ओळखीचा 6बी-6बी-6बी नमुनाही इथे रजिस्टरमध्ये शोधून सापडणार नाही. आणि कर्नल ५.१२ पासून आलेला केफेन्स, मेमरीच्या चुका पकडणारा दुसरा तपासनीस, जो कामाच्या सर्व्हरवरही चालण्याइतका हलका आहे, तो फक्त स्लॅबच बघतो. म्हणजे या रिक्वेस्ट त्याच्या नजरेबाहेर. त्याच्या भरवशावर निर्धास्त राहू नका.

घडवून आणायला खरी डिस्क लागतेच असं नाही. 'नल ब्लॉक' हे खोटी डिस्क उभी करणारं मॉड्यूल, त्यावर एफआयओ या लोड घालणाऱ्या साधनाचा लोड, आणि शेजारच्या टर्मिनलवर शेड्युलर अदलाबदल करणारं लूप. ब्लकटेस्ट्स या ब्लॉक लेयरच्या चाचणी संचातली ब्लॉक ००५ ही चाचणी नेमकं हेच करते. तरीही कासानच्या संथपणामुळे रेसची, म्हणजे दोन कामं एकमेकांत घुसण्याची, वेळ चुकते आणि बग कधी कधी दडून बसतो. तेव्हा 'डीबग पेजअॅलॉक' लावून बघा: सोडलेलं पान मॅपमधून काढलं जातं, हात लावणारा जागीच पकडला जातो.

गोठण्याचा प्रकार असेल तर कासानमागे वेळ घालवू नका, लॉकडेप, म्हणजे लॉक घेण्याचा क्रम तपासणारी कर्नलची सोय, घ्या. कर्नल ६.१३ पासून क्यू फ्रीझ हेसुद्धा लॉकसारखंच मोजलं जातं, त्यामुळे प्रत्यक्ष न अडकताही उलटसुलट क्रम पकडला जातो.

ट्रेसिंग मी एकट्याने वापरत नाही. बीपीएफट्रेसचा निकाल यूझर स्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रामकडे, येतो; मशीन गेलं की शेवटच्या, नेमक्या हव्या त्या ओळी हाती लागतीलच असं नाही. एफट्रेसचा बफर कर्नलच्याच मेमरीत असतो, म्हणून तो केडम्पबरोबर जमतो: डम्पमधून पडण्याआधीच्या घटना क्रमाने काढता येतात. अर्धवट गोठलेल्या मशीनवर मात्र याहून साधं काम आधी करा. सेटिंग लिहिणारी 'एको' कमांड डी स्टेटमध्ये, म्हणजे न उठवता येणाऱ्या झोपेत, अडकलेली असते. '/proc' फोल्डरमध्ये तिच्या पीआयडीखालचा (प्रोसेस क्रमांकाखालचा) स्टॅक वाचा. वर 'फ्रीझ क्यू वेट' दिसलं, तर सेटिंग अजून लागलेलंच नाही. कोणती रिक्वेस्ट परत आली नाही ते डीबगएफएस या कर्नलची आतली स्थिती दाखवणाऱ्या फाइलसिस्टिममध्ये, त्या डिस्कच्या हार्डवेअर क्यूखालच्या 'बिझी' फाइलमध्ये बघा.