तारीख नवी, रबर जुने: स्पोर्ट्स कारच्या टायरमध्ये झालेली माझी फसवणूक

माझ्या पोर्शे ७१८ केमनसाठी मी २०२४ च्या पावसाळ्यात चार ‘नवे’ टायर घेतले आणि त्यासाठी १,८४,००० रुपये मोजले. त्यांपैकी मागचे दोन टायर दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीवर झिजलेले, पंक्चर काढलेले, नव्याने खाचा कोरून आणि बाजूंना काळा रंग फासून माझ्या गळ्यात मारलेले निघाले. पुढचे दोन अस्सल होते, परंतु २०१९ पासून कुठल्यातरी गोदामात पडून राहिलेले होते. हे लिहिताना मला लाज वाटते हे खरे, पण त्याहून जास्त चीड येते, कारण ज्याने हे केले त्याचे दुकान आजही उघडे आहे आणि रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते.

जुना टायर नवा करून विकण्याचा धंदा कसा चालतो हे आपल्याकडे ट्रकवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे ते सविस्तर सांगत बसत नाही. ताशी पावणेतीनशे किलोमीटर गाठू शकणाऱ्या गाडीच्या टायरवरही कोणी खाच कोरण्याची सुरी चालवेल, हे मात्र मला खरोखर वाटले नव्हते. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, आकाराच्या पुढे जे ‘वाय’ अक्षर असते त्याचा अर्थ तो टायर ताशी ३०० किलोमीटरसाठी तपासलेला आहे असा होतो. अशा टायरचा तळ खरवडून तो दुसऱ्याच्या गाडीवर चढवणाऱ्या माणसाला ठग म्हणणेही मला सौम्य वाटते.

‘एवढी गाडी परवडते आणि टायर स्वस्तात शोधता?’ हा प्रश्न मला घरच्यांनी, मित्रांनी आणि पुढे पोलिसांनीही विचारला, म्हणून त्याचे उत्तर आधीच देतो. गाडी मी जुनी घेतलेली आहे. माझा भोसरीला छोटा मशीन शॉप आहे आणि पैसा कुठे जातो ते पाहण्याची मला सवय आहे. या गाडीला पुढे २३५/३५ आणि मागे २६५/३५ अशा दोन वेगळ्या मापांचे वीस इंची टायर लागतात, त्यामुळे साध्या गाडीसारखे पुढचे मागे आणि मागचे पुढे करून त्यांचे आयुष्य वाढवता येत नाही. शिवाय पोर्शे स्वतः तपासून मान्यता दिलेल्या टायरवर एन० किंवा एन१ अशी खूण घालून घेते आणि चारही टायर एकाच खुणेचे असावेत अशी तिची शिफारस असते. त्यातच जून २०२० पासून परदेशी टायरची आयात खुली राहिलेली नाही, ती परवान्याखाली आली आहे. परिणाम असा, की असले माप कोणी दुकानात भरून ठेवत नाही, अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये थांबावे लागते आणि तिथे मला मिळालेला दर त्या वेळचा २८ टक्के जीएसटी धरून चार टायरला २,७१,४०० रुपये होता. दुसरीकडे १,८४,००० म्हणजे ८७,४०० रुपयांचा फरक. हा फरक पाहून चौकशी करणे हा लोभ नव्हे. धंदा करणारा कोणताही माणूस दोन कोटेशन मागवतोच.

हा विक्रेता मला एका परिचिताकडून कळला. त्याची बोलण्याची पद्धत अभ्यासण्यासारखी होती. त्याने आधी मलाच प्रश्न विचारले: गाडी कोणत्या वर्षाची, ट्रॅकवर नेता का, सध्याच्या टायरवर एन० आहे की एन१. असे प्रश्न विचारणारा माणूस जाणकार असणार असे कोणालाही वाटेल. मग त्याने सांगितले की आयातीवर निर्बंध आल्यामुळे ज्यांच्याकडे जुना करार आहे त्यांनाच माल मिळतो, त्याच्याकडे एका शोरूमच्या ऑर्डरमधून उरलेला एकच सेट आहे, आणि मुंबईचे एक गिऱ्हाईक त्यावर टपलेले आहे. निर्बंधांची बातमी खरी होती, म्हणून पुढचे सगळेही खरे वाटले. त्याच्या थापेचा पाया अस्सल होता, इतकेच. ‘एकच सेट उरलाय’ हे वाक्य ज्याच्या तोंडून ऐकाल त्याच्याकडे त्या दिवशी पैसे देऊ नका.

आगाऊ ९२,००० रुपये मी यूपीआयने पाठवले. पैसे ज्या खात्यात गेले त्याचे नाव दुकानाचे नव्हते, एका बाईंचे होते. विचारल्यावर ‘मिसेसचे खाते आहे, सर, दुकानाच्या खात्याची लिमिट संपली’ असे उत्तर आले. उरलेले ९२,००० रोख मागितले, कारण कार्डावर दोन टक्के जादा लागतील म्हणे. बिल म्हणून हाती आले ते एस्टिमेटचे पान, त्यावर रबरी शिक्क्याने उमटवलेला जीएसटी क्रमांक. तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला तर नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे हे कोणालाही फुकट दिसते. मी तो टाकला, पण नंतर. नोंदणी रद्द झालेली होती आणि नाव कापडाच्या कुठल्यातरी पेढीचे होते.

आता ज्या क्षणाचा मला सर्वांत जास्त राग येतो त्याकडे येतो. टायर चढवताना मी तिथेच उभा होतो आणि डोळे मिटून उभा नव्हतो. खोली मोजायचा डेप्थ गेज खिशात होता, खाचेची खोली मी मोजली आणि ती जवळपास सात मिलिमीटर भरली, म्हणजे नव्या टायरला हवी तशीच. परंतु खाच पुन्हा कोरलेली असेल तर खोली बरोबर येणारच, कारण कोरणारा तेवढ्यासाठीच कोरतो. पाहायचे असते ते वेगळेच: खाचेच्या तळाशी ठराविक अंतरावर १.६ मिलिमीटर उंचीच्या आडव्या पट्ट्या असतात आणि टायर तिथपर्यंत झिजला की तो बाद झाला असे समजायचे असते. नव्या टायरमध्ये या पट्ट्या खाचेत खोल बसलेल्या दिसतात. माझ्या मागच्या टायरमध्ये त्या नव्हत्याच, सुरीबरोबर निघून गेल्या होत्या, आणि खाचेचा तळ साच्यातून निघालेल्या रबरासारखा गुळगुळीत नसून त्यावर बारीक लहरी उठलेल्या होत्या. त्या मला दिसल्या. मी हात फिरवला तर बोटे काळी झाली. ‘साच्याचे तेल आहे, सर, दोनशे किलोमीटरमध्ये जाईल,’ असे तो म्हणाला. नव्या टायरवर साच्याचा तेलकट थर असतो ही गोष्ट खरी आहे. पण तो थर बोटाला शाईसारखा लागत नाही.

तेवढ्यावर थांबले असते तर गोष्ट वेगळी. बॅलन्सिंगच्या, म्हणजे चाकाचे वजन सगळीकडे सारखे करण्याच्या, मशीनवर जो पोरगा काम करत होता तो मागच्या डाव्या चाकाला पाच-पाच ग्रॅमच्या पट्ट्या चिकटवत गेला आणि आकडा काही शून्यावर येईना. एकशे वीस ग्रॅम झाल्यावर त्याने चाक थांबवले, टायरच्या आतल्या कडेवर, जी रिमवर बसते त्या गोलावर, अंगठा फिरवला आणि मालकाकडे वळून म्हणाला, ‘शेठ, हा एकदा चढून उतरलेला आहे.’ मालकाने त्याच्याकडे असे पाहिले की पोराने मान खाली घातली. लगेच माझ्याकडे वळून मालक हसत म्हणाला, ‘शोरूमने डेमो गाडीवर बसवून पाहिला होता, सर, एक किलोमीटरसुद्धा चाललेला नाही.’ त्या दुकानात खरे बोलणारा एकच माणूस होता, त्याने ते माझ्यासमोर मोठ्याने सांगितले, आणि मी त्या पोराऐवजी मालकाचे ऐकले. तोवर माझे जुने टायर त्याच्या टेंपोत चढले होते, अर्धे पैसे गेले होते, गाडी जॅकवर होती आणि बाहेर पाऊस कोसळत होता. अशा स्थितीत कोणी काय केले असते हे मला घरी बसून शिकवणाऱ्यांनी सांगू नये. जुने टायर मात्र व्यवहार पूर्ण होईपर्यंत हातचे सोडू नका, ही एक गोष्ट त्यांनीही ऐकून ठेवावी.

उत्पादनाची तारीख मी पाहिली होती हेही नोंदवतो. साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनंतर जो क्रमांक येतो त्याचे शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष: ‘०८२४’ म्हणजे २०२४ चा आठवा आठवडा. हे चार अंक टायरच्या एकाच बाजूला असतात, दुसऱ्या बाजूला क्रमांक अर्धवट असतो, त्यामुळे टायर चढवण्याआधी दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. माझ्या मागच्या दोन्ही टायरवर ‘०८२४’ होते. फक्त इतर अक्षरे उठावाची होती आणि हे चार अंक रबरात खोल गेलेले होते, भोवतीची जागा नखाएवढी गुळगुळीत होती. पुढच्या टायरवरची तारीख आतल्या बाजूला आहे असे सांगून त्याने ते आधीच रिमवर चढवून ठेवले होते. सुट्या विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआयची खूण आणि आयएस १५६३३ हा मानक क्रमांक असायला हवा, तोही चारांपैकी एकावर नव्हता. त्या खुणेखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अॅपमध्ये टाकला की कोणत्या कारखान्याचा आहे ते कळते. हे करायला एक मिनिट पुरते आणि दुकानदाराला विचारावे लागत नाही.

प्रकरण उघडकीला आले ते मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर. ओल्या रस्त्यावर वेग शंभरच्या आतच असताना गाडीचा मागचा भाग हलके सरकू लागला, डॅशबोर्डवर स्थिरता नियंत्रणाचा दिवा लुकलुकू लागला आणि नंतर सीटखालून थरथर येऊ लागली. गाडी कडेला घेतली तेव्हा मागच्या डाव्या टायरला लिंबाएवढा फुगा आला होता. गाडी उचलून नेणाऱ्या फ्लॅटबेडवाल्याने ९,५०० रुपये घेतले. सर्व्हिस सेंटरमध्ये टायर उतरवल्यावर आत पंक्चरचा जुना पॅच निघाला आणि एका खाचेच्या तळाशी रबराखालच्या पोलादी पट्ट्याच्या तारा चमकत होत्या. शेवटी चारही टायर २,७१,४०० रुपयांना तिथूनच घ्यावे लागले. ८७,४०० वाचवायला गेलो आणि १,९३,५०० वर पाणी सोडले.

यानंतर जे झाले त्याला फसवणुकीचा दुसरा अंक म्हणावे लागेल. पोलीस चौकीत तक्रार घेऊन गेलो तर ‘हा दिवाणी मामला आहे’ हे वाक्य मी खुर्चीत बसण्याआधीच ऐकायला मिळाले. जुना माल नवा म्हणून विकणे, तारीख खरवडून बदलणे आणि बंद पडलेल्या जीएसटी क्रमांकाचा शिक्का मारणे यात दिवाणी काय आहे? भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे. ते दाखवल्यावर सांगण्यात आले की दुकान आमच्या हद्दीत नाही. दुकानाच्या हद्दीतल्या ठाण्यात सांगण्यात आले की पैसे तुम्ही घरून पाठवले, तेव्हा गुन्हा तिकडे घडला. हद्दीचा वाद न घालता शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याची तरतूद नव्या कायद्यात आहे, असे म्हटल्यावर अंमलदारसाहेबांनी पेन खाली ठेवले आणि मलाच सल्ला दिला, ‘साहेब, टायर जप्त करावे लागतील, वर्षभर परत मिळणार नाहीत, बघा बुवा.’ जणू त्या टायरवर मी पुन्हा बसणार होतो! शेवटी अर्जाच्या प्रतीवर शिक्का मिळाला. गुन्हा मात्र नोंदला नाही.

बँकेने दोन ओळींत हात झटकले: व्यवहार तुमच्याच पिनने झाला आहे. एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिच्यावर ‘समोरच्या पक्षाने उत्तर दिले आहे’ असा शेरा मारून ती निकाली काढली गेली. उत्तर काय दिले, हे मला कोणी सांगितले नाही. कर खात्याच्या एका कार्यालयात रद्द क्रमांकाचे पान दाखवले तर ‘ऑनलाइन टाका’ असे सांगितले गेले, आणि ऑनलाइन जिथे टाकायचे ते पान त्या कार्यालयातल्या कोणालाच उघडून दाखवता आले नाही. आम्ही उद्योजकांनी एखादे विवरण दोन दिवस उशिरा भरले तर नोटीस येते. इथे मेलेल्या क्रमांकावर लाखोंचा धंदा चालतो आणि कर खात्याला तक्रार ऑनलाइन हवी असते. हे सगळे सोसून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे वकिलामार्फत अर्ज केला आहे. पन्नास लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीचे वाद तिथे चालतात आणि पाच लाखांपर्यंत शुल्कही लागत नाही. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला तो पुराव्याचा. उतरवलेले टायर मी दुकानदाराला परत न देता ठेवले होते, सर्व्हिस सेंटरचा लेखी अहवाल फोटोंसह घेतला होता आणि यूपीआयची पावती होती. रोख दिलेल्या ९२,००० चा मात्र माझ्याकडे कागदाचा कपटाही नाही, आणि तेवढी रक्कम वकिलांनी आधीच बुडीत धरली आहे.

त्या दुकानावर अलीकडे वेगळ्या नावाची पाटी लागली आहे. काउंटरवरचा क्यूआर कोड तोच आहे आणि तो स्कॅन केल्यावर नाव अजूनही त्याच बाईंचे येते.