नोटिफाय-सेंड: सात महिने वापरल्यावर, आणि १९ दिवस बॅकअप बुडाल्यावर

मागच्या आठवड्यात बाहेरची हार्ड डिस्क उघडली, तर शेवटचा बॅकअप १९ दिवसांपूर्वीचा. केबल सैल झाली होती. पण बॅकअप फसला की स्क्रीनवर सूचना यावी म्हणून मी क्रॉनमध्ये (लिनक्समध्ये ठरलेल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) नोटिफाय-सेंडची, म्हणजे स्क्रीनवर सूचना दाखवणाऱ्या कमांडची, ओळ घातली होती, आणि १९ दिवसांत एकदाही काही उमटलं नाही. त्याच संतापात हे लिहिणार होते. मग दोन रात्री जागून शोध घेतला आणि निम्मा राग उतरला. उरलेला खाली आहेच.

माझं काम सांगते. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या घरातूनच मी जुन्या छापील मराठी पुस्तकांची पानं स्कॅन करते आणि टेसरॅक्ट या ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या) प्रोग्रामने मजकूर काढते. लॅपटॉप सेकंडहँड, ४ जीबी रॅमचा. एक पुस्तक लावलं की तासन्‌तास चालतं, तेवढ्यात स्वयंपाक उरकायचा. म्हणून कमांडच्या शेपटीला नोटिफाय-सेंड जोडलं. एक पैसा लागला नाही, आणि ‘प्रकरण ४ झालं’ हे देवनागरीत नीट उमटलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.

आता या कमांडच्या -टी पर्यायाबद्दल. सूचना किती वेळ दिसावी ते यात मिलिसेकंदांत द्यायचं असतं. मी ८००० दिलं, मग २००००, मग ६००००. काहीही द्या, सूचना चार-पाच सेकंदांत गायब. कणकेचे हात धुऊन येईपर्यंत स्क्रीन कोरी. दोन महिने मी या टूलला नावं ठेवली, ओळखीच्या तिघांना ‘वापरू नका’ असंही सांगितलं. ते शब्द आज मागे घेते.

झालं असं, की एकदा दुसऱ्या टर्मिनलमध्ये डीबस-मॉनिटर लावलं (डी-बस म्हणजे प्रोग्राम एकमेकांना निरोप पाठवतात तो मार्ग, आणि हे टूल ते निरोप दाखवतं) आणि ‘ऑर्ग.फ्रीडेस्कटॉप.नोटिफिकेशन्स’, म्हणजे सूचनांच्या निरोपांवरच नजर ठेवली. इकडून सूचना पाठवली, तिकडे नोटिफाय नावाचा कॉल जसाच्या तसा दिसला: ॲपचं नाव, आयकॉन, शीर्षक, मजकूर, आणि अगदी शेवटी माझे ६००००. म्हणजे टूलने निरोप पोचवला होता. माझा तेव्हाचा डेस्कटॉपच (स्क्रीनवरच्या खिडक्या-सूचना सांभाळणारं सॉफ्टवेअर) तो आकडा मानत नव्हता. काही डेस्कटॉप हा पर्याय दुर्लक्षितात असं कमांडच्या मॅन पेजवर (माहितीच्या पानावर) लिहिलेलंही आहे. मी ते पान उघडलंच नव्हतं, ही चूक माझी. पण मग पर्याय दिसतो, स्वीकारला जातो, कुठे इशारा येत नाही, हे मला आजही पटत नाही. जिथे आकडा पाळला जाणार नाही तिथे टर्मिनलवर एक ओळ तरी छापावी.

नवा लॅपटॉप घेण्याचा प्रश्न नव्हता. त्याच लॅपटॉपवर हलका डेस्कटॉप इन्स्टॉल केला आणि त्यावर डन्स्ट हा सूचना दाखवणारा प्रोग्राम बसवला. आता ६०००० म्हणजे खरोखर एक मिनिट. शिवाय डन्स्टसीटीएल हिस्टरी-पॉप म्हटलं की हुकलेली सूचना परत समोर येते. स्वयंपाकघरातून धावत येणं तेव्हापासून बंद झालं.

क्रॉनचं दुखणं वेगळं निघालं. क्रॉन तुमच्या डेस्कटॉप सेशनच्या बाहेर चालतो, त्यामुळे डी-बसचा पत्ता त्याला ठाऊक नसतो. नोटिफाय-सेंड एरर देत होतं, पण ती एरर क्रॉन मेलने पाठवतो आणि माझ्याकडे मेलची सोयच नाही. सिस्टिम लॉगमध्ये रोज ‘आउटपुट टाकून दिलं’ अशा अर्थाची ओळ पडून होती. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांच्या यादीच्या) वरच्या भागात डीबस_सेशन_बस_ॲड्रेस या व्हेरिएबलला ‘युनिक्स:पाथ=/रन/युजर/१०००/बस’ हा पत्ता दिला आणि त्याच रात्री सूचना आली. १००० हा माझा युजर क्रमांक, तुमचा ‘आयडी -यू’ने बघून घ्या.

उन्हाळ्यातला उपयोग मात्र कबूल करायलाच हवा. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५च्या आसपास जातो आणि ओसीआर चालू असताना लॅपटॉप आपोआप बंद पडायचा. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड बदलायला सांगितलं. मी थर्मल झोनच्या (लॅपटॉपचं तापमान नोंदणाऱ्या) फाइलमधला आकडा दर मिनिटाला वाचणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली (तिथे ९०००० म्हणजे ९० अंश) आणि त्यापुढे गेलं की -यू क्रिटिकल, म्हणजे तातडीची, सूचना. पहिल्या दिवशी सूचनांचा ढीग साचला. नव्या आवृत्तीतल्या -पी ने सूचनेचा क्रमांक घेऊन -आर ने तीच सूचना बदलत ठेवली, तेव्हा एकच खिडकी उरली. आकडा प्रत्येक वेळी ओसीआरमध्येच चढतो हे दिसल्यावर पंखा साफ करून प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलून घेतली. मदरबोर्ड तोच आहे.

आता बॅकअप फसला तरी सूचना येते आणि झाला तरी येते, क्रिटिकल दर्जाची, म्हणजे हाताने बंद करेपर्यंत जात नाही. रात्री साडेदहाला ती दिसली नाही की बाबाच विचारतात, ‘अगं, आज तुझं ते बॅकअपचं आलं नाही का?’